सत्र आणि सचोटी

विद्यापीठ आणि विद्यार्थी यांचे नाते ज्या नियमांनी बांधले जाते, त्यांपैकी दोन नियमसमूह या पुस्तकाचा विषय आहेत. पहिला नियमसमूह विद्यार्थ्याच्या शैक्षणिक स्थितीचा, म्हणजे त्याची हजेरी भरली आहे की नाही, त्याचे किती विषय राहिले आहेत आणि ते राहूनही त्याला वरच्या वर्गात बसता येईल का, हे ठरवणारा. दुसरा शैक्षणिक सचोटीचा, म्हणजे विद्यार्थ्याने आपले म्हणून मांडलेले काम खरोखर त्याचे आहे का आणि ते मांडताना त्याने परीक्षकाची, सहाध्याय्याची किंवा मूळ लेखकाची फसवणूक केली आहे का, हे तपासणारा. ‘सचोटी’ हा शब्द मराठीत अधिक करून पेढीच्या व्यवहारात वावरलेला आहे आणि माप, वजन, उधारी यांच्याशी त्याची सोयरीक जुनी आहे. विद्याव्यवहारासाठी तो योजताना थोडा अवघडलेपणा जाणवतो, पण ‘शुचिता’ किंवा ‘प्रामाण्य’ यांसारख्या सोवळ्या शब्दांपेक्षा तोच येथे अधिक चपखल वाटतो, कारण गुण, श्रेयांक आणि पदवी ही अखेर देण्याघेण्याचीच भाषा आहे.

हे दोन नियमसमूह बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या हातांनी लिहिले जातात आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांत सांभाळले जातात. कर्नाटक राज्य विद्यापीठ अधिनियम, २००० या कायद्याने तर कुलसचिव आणि मूल्यमापनाचे कुलसचिव अशी दोन पदेच वेगळी केली आहेत. स्थूलमानाने प्रवेश, पात्रता आणि अभ्यासक्रम पहिल्याकडे, परीक्षा आणि परीक्षेतील गैरप्रकार दुसऱ्याकडे. विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र हे सारे एकाच दिवशी येते. हजेरी कमी भरल्यामुळे ज्याचे सत्र धोक्यात आले आहे, तोच घाईने दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून काढतो. ज्याचे तीन विषय राहिले आहेत, त्याच्याच बाहीत चिठ्ठी सापडण्याचा संभव अधिक. म्हणून हे दोन नियमसमूह एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे, आणि तसे वाचण्यासाठी हुबळी-धारवाडइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

वीस किलोमीटरांच्या अंतरावरची ही दोन गावे, एक बाजारपेठेचे आणि दुसरे शाळा-कॉलेजांचे, १९६२ पासून एकाच महानगरपालिकेत नांदत आहेत, आणि त्यांच्या हद्दीत व आसपास उच्च शिक्षणाचे जवळजवळ सगळे नमुने पाहायला मिळतात. संलग्न महाविद्यालयांचे कर्नाटक विद्यापीठ, १९८६ मध्ये वेगळे झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ, २००९ मध्ये हुबळीच्या नवनगरात सुरू झालेले राज्य विधी विद्यापीठ, १९४७ च्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०१५ मध्ये घडलेले केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ, त्याच वर्षीची माहिती तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ मध्ये आलेली आयआयटी. या प्रत्येकीची नियमपुस्तिका वेगळी. एका ठिकाणी ‘विषय राहिला’ म्हणजे पुढच्या परीक्षेला पुन्हा बसणे, दुसऱ्या ठिकाणी त्याच गोष्टीला ‘बॅकलॉग’ म्हणतात आणि ते ठरावीक संख्येपलीकडे गेले की ‘इयर बॅक’ लागते, तर तिसऱ्या ठिकाणी सरासरी श्रेणीगुण घसरल्यावर विद्यार्थ्याला काही काळ देखरेखीखाली, म्हणजे शैक्षणिक परिवीक्षेवर ठेवण्याची रीत आहे. एकाच बसने प्रवास करणारी तीन मुले अशा तीन वेगळ्या कायद्यांखाली शिकत असतात.

या विविधतेच्या तळाशी मात्र एक समान थर आहे आणि तो मुंबईचा आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. त्याने सुरुवातीला स्वतः शिकवले नाही. शिकवणे महाविद्यालयांवर सोपवून परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच काम आपल्याकडे ठेवले. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ मध्ये सुरू होईपर्यंत या भागातल्या मुलांना पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. धारवाडात जन्मलेले आणि घरी मराठी बोलणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे हेही फर्ग्युसनमधूनच १९१८ मध्ये बी. ए. झाले. पुढे १९४९ मध्ये मुंबई राज्यात प्रादेशिक विद्यापीठे निघाली तेव्हा पुणे विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ ही जवळजवळ जुळी भावंडे ठरली, आणि १९५० मध्ये कर्नाटक विद्यापीठ मुंबईहून धारवाडला आले ते जुन्या घरातली भांडीकुंडी बरोबर घेऊनच. ‘टर्म’ ही त्यांतली मुख्य वस्तू. टर्म म्हणजे नुसता कालखंड नव्हे; ठरलेल्या दिवसांची हजेरी आणि समाधानकारक वर्तन यांबद्दल प्राचार्यांनी दिलेला तो दाखला असतो, आणि तो मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. महाराष्ट्रात ‘टर्म ग्रँट होणे’ आणि काही विषय राहूनही पुढची टर्म भरू देणारी ‘एटीकेटी’ ही दोन्ही पदे याच कुळातली. कर्नाटकात तीच गोष्ट ‘शॉर्टेज’ आणि त्यावरचा उतारा असलेले ‘कंडोनेशन’, म्हणजे हजेरीतील तूट माफ करणे, या शब्दांनी ओळखली जाते. नावे बदलली, तरी सत्र हेच प्रगतीचे एकक आणि हजेरी हीच तिची किल्ली, ही धारणा दोन्हीकडे टिकून आहे. गंमत अशी की मुंबईचा हा वारसा धारवाडला दुसऱ्यांदाही मिळाला, कारण २०१६ मधल्या आयआयटीचे पालकत्व आयआयटी मुंबईकडेच होते.

शैक्षणिक स्थितीला या प्रदेशात केवढी सामाजिक किंमत होती, हे मराठीतल्या एका पदवीवाचक शब्दावरून लक्षात येते. केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यास ‘रँग्लर’ म्हणतात. परीक्षेतील हे स्थान मराठी माणसाने थेट नावाला जोडले, रँग्लर परांजपे यांच्याप्रमाणेच १९५४ ते १९६७ या काळात कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू असलेले डी. सी. पावटे हेही रँग्लर पावटे म्हणून ओळखले गेले, आणि विद्यापीठाचा परिसर आज पावटेनगर म्हणवतो. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ वेगळे होईपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या मराठी घरांतली बहुतेक पदवीपत्रे धारवाडचीच असत.

परीक्षा घेणे हेच ज्या विद्यापीठाचे मूळ काम, त्याची सचोटीची कल्पनाही परीक्षागृहापुरतीच राहावी, हे ओघाने आले. गैरप्रकार म्हणजे चिठ्ठी, शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे, तोतया परीक्षार्थी, फोडलेली प्रश्नपत्रिका, आणि त्यांवरचा उपाय म्हणजे पर्यवेक्षक व भरारी पथक. १९८२ चा महाराष्ट्रातील परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदाही याच दृष्टीचा आहे. न्यायालयांनी घडवलेली तत्त्वेसुद्धा मुख्यतः परीक्षेभोवतीच फिरतात, आणि ती येथे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण विद्यापीठांच्या आजच्या चौकशी समित्या त्यांच्याच आधारावर चालतात.

उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाविरुद्ध घनश्यामदास गुप्ता या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की परीक्षेतील गैरप्रकारावरून निकाल रद्द करणारी समिती न्यायसदृश काम करत असते आणि म्हणून विद्यार्थ्याला आरोप कळवून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय तिला शिक्षा देता येत नाही. यालाच नैसर्गिक न्याय म्हणतात. दुसरी बाजू ऐकणे हा त्याचा गाभा. मात्र १९७० मध्ये बिहारच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने एक भेद केला: संपूर्ण केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे दिसत असेल आणि मंडळ कोणा एकावर ठपका न ठेवता परीक्षाच रद्द करत असेल, तर प्रत्येकाला वेगळे बोलावून ऐकण्याची गरज नाही. तिसरा निकाल महाराष्ट्रातला, राज्य मंडळाविरुद्ध के. एस. गांधी हा १९९१ चा. गुणांच्या नोंदींत फेरफार झाला होता, पण तो कोणी केला याचा प्रत्यक्ष पुरावा नव्हता. तेव्हा न्यायालयाने म्हटले की अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, परिस्थितीवरून जे अधिक संभवनीय दिसते तेवढे पुरे. या तिन्ही निकालांतून निघणारी समतोल रेषा बारीक आहे. ऐकून घेणे आवश्यक, पण सिद्धतेचा उंबरठा खालचा. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की समितीपुढे विद्यार्थी बोलतो किती नीट, यावर बरेच अवलंबून राहते, आणि ज्याच्या हाती पडलेली नोटीस इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये आहे आणि ज्याचे शालेय शिक्षण मराठीत झाले आहे, त्याचे बोलणे तेथे किती नीट होणार, हा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तिकेने आजवर फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

गुणांविषयीची तक्रार हा वेगळा मार्ग आहे. नियमात तरतूद नसेल तर फेरमूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही, हे महाराष्ट्र मंडळाविरुद्ध परितोष शेठ या १९८४ च्या निकालाने सांगितले, तर २०११ मधील आदित्य बंडोपाध्याय प्रकरणाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. न्यायालयाची पायरी चढण्यासाठी पूर्वी बंगळुरू गाठावे लागे. २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले, त्यामुळे या भागातील विद्यार्थ्याला अखेरचा दरवाजा आता गावातच आहे.

इकडे न्यायाची तत्त्वे परीक्षागृहाभोवती घट्ट होत गेली आणि तिकडे गुण मात्र परीक्षागृहाबाहेर सरकत गेले. श्रेयांक पद्धतीत प्रत्येक विषयाला अध्यापनाच्या तासांवरून वजन दिले जाते. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तासाचे व्याख्यान म्हणजे साधारणतः एक श्रेयांक. विद्यार्थ्याच्या प्रत्येक विषयातील श्रेणीगुणाला त्या विषयाच्या श्रेयांकाने गुणून बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे, की सत्राची सरासरी मिळते. चार श्रेयांकांच्या एका विषयात ८ आणि दुसऱ्यात ६ श्रेणीगुण मिळाले तर सरासरी ७ येते. पण त्यांच्या जोडीला दोन श्रेयांकांचा एखादा प्रकल्प असेल आणि त्यात १० मिळाले, तर तीच सरासरी ७.६ होते. प्रकल्प कोणी लिहिला, हे पाहणारा पर्यवेक्षक येथे नसतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या अलीकडच्या योजनांत तर सत्रभराचे अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा यांना सारखेच, म्हणजे पन्नास-पन्नास गुण आहेत. निम्मे गुण भरारी पथकाच्या दृष्टीपलीकडे गेले, तरी गैरप्रकाराची व्याख्या मात्र हॉल तिकिटाजवळच घोटाळत राहिली.

त्यातच नियमांची चौकट वारंवार हलत राहिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची पदवी स्तरावर अंमलबजावणी करणारे पहिले राज्य म्हणून कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आणली. पुढे सरकार बदलले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, विदर्भातील अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला गेला आणि त्याच्या अंतरिम अहवालावरून मे २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी परत आली. धोरण कोणते चांगले, हा या पुस्तकाचा प्रश्न नाही. पण एकाच महाविद्यालयात लागोपाठच्या वर्गांना वेगवेगळे नियम लागू असतील, तर आपली स्थिती काय आहे, हे मार्क्स कार्ड हातात घेऊनही विद्यार्थ्याला उमगत नाही, आणि नियम ज्याला कळत नाहीत त्याच्याकडून ते पाळण्याची अपेक्षा कितपत ठेवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

संशोधनाच्या क्षेत्रात सचोटीचा देशव्यापी नियम २०१८ मध्ये आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या विनियमांनी वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे, याच्या पायऱ्या ठरवल्या. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांपर्यंत असेल तर वर्षभर तो देता येत नाही. आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत श्रेयनिर्देशासह घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायदे, प्रमाणित समीकरणे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वाक्ये या मोजणीतून वगळली जातात. चौकशी आधी विभागाच्या आणि मग संस्थेच्या समितीपुढे होते, आणि पदवी दिल्यानंतर चौर्य सिद्ध झाले तर ती पदवी काही काळ स्थगित ठेवली जाते. शैक्षणिक स्थिती आणि सचोटी हे दोन नियमसमूह उघडपणे एकत्र येतात ते इथे: सचोटी ढळली की स्थिती जाते, तीही मागे जाऊन.

पण या विनियमांतील एक व्याख्या बारकाईने वाचली पाहिजे. कोणते लेखन या नियमाखाली येते, हे सांगताना स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. म्हणजे पदव्युत्तर प्रबंधिका आणि पीएच.डी.चा प्रबंध आत, आणि पदवीच्या विद्यार्थ्याच्या सरासरीत भर घालणारा दोन श्रेयांकांचा प्रकल्प बाहेर. परीक्षागृहाचे नियम त्या प्रकल्पापर्यंत पोहोचत नाहीत आणि संशोधनाचे नियम त्याच्यापर्यंत खाली उतरत नाहीत. या मधल्या पट्ट्यात जो तो प्राध्यापक आपापल्या मगदुराप्रमाणे न्याय करतो. एखादा शून्य देतो, एखादा समज देऊन पुन्हा लिहायला लावतो आणि एखादा फाईलचे पुठ्ठे मोजून गुण टाकतो. पुस्तकाचा मोठा भाग याच पट्ट्याला दिला आहे.

साम्य मोजण्याच्या साधनांविषयीही येथे थोडे थांबावे लागते. सप्टेंबर २०१९ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधशुद्धी’ या उपक्रमातून विद्यापीठांना साम्यशोधक सॉफ्टवेअर पुरवायला सुरुवात केली. हे सॉफ्टवेअर जुळणारे शब्द दाखवते; चोरी दाखवत नाही, ती माणसानेच ठरवायची असते. शिवाय युनिकोड नसलेल्या जुन्या टंकांत, म्हणजे मराठीत श्रीलिपी किंवा कन्नडमध्ये नुडी यांच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप केलेला प्रबंध यंत्राला रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ म्हणून दिसतो, आणि शब्द न् शब्द उतरवलेले प्रकरणही तेथून निष्कलंक बाहेर पडते. धारवाडसारख्या द्विभाषिक गावात दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. मराठीतले समीक्षेचे पुस्तक कन्नडमध्ये किंवा कन्नडमधले मराठीत उतरवून आपले म्हणून दिले, तर एकही शब्द जुळत नाही आणि चोरी मात्र पूर्ण असते.

या बाबतीत जुने साहित्यशास्त्र यंत्रापेक्षा पुढे होते. इसवी सन ९०० च्या सुमारास कनौजच्या दरबारी असलेल्या आणि आपल्या घराण्याचे मूळ महाराष्ट्राशी जोडणाऱ्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात ‘हरण’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले आणि शब्दहरण व अर्थहरण असा भेद केला. अर्थ सगळा तोच आणि फक्त वाक्यरचना वेगळी, तर ते प्रतिबिंबकल्प. थोड्या संस्काराने तीच वस्तू वेगळी भासवली, तर आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असूनही विलक्षण साम्य, तर तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एक, पण त्यावरची सारी रचना दूरची, तर परपुरप्रवेशसदृश. यांतले पहिले त्याज्य, शेवटच्यात कवीची स्वतःची करामत मोठी. विनियमांच्या चार पायऱ्या आणि राजशेखराच्या चार पायऱ्या शेजारी ठेवल्या, तर पहिल्या शब्दांची टक्केवारी मोजतात आणि दुसऱ्या अर्थाची, असे दिसते. भाषांतरित चौर्याचा निवाडा करू पाहणाऱ्या समितीला दुसऱ्यांचाच अधिक उपयोग होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संशोधनातल्या सचोटीला प्रकाशनाच्या सक्तीनेही धक्का दिला; तिचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे, या अटीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्याला आळा घालण्यासाठी पुणे विद्यापीठातील कक्षाच्या साहाय्याने ‘केअर’ यादी तयार झाली. २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी ती अटच काढली आणि २०२५ मध्ये यादीही बंद झाली. नियमाने निर्माण केलेली गरज, गरजेतून निघालेला बाजार आणि बाजारावर आणखी एक नियम, असा हा क्रम आहे. यंत्राकडून निबंध लिहून घेण्याची सोय आता आली आहे. २०१८ च्या विनियमांत तिचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, आणि जुळणारे शब्द शोधणारी पद्धत तिच्यापुढे पांगळी ठरते.

धारवाडच्या संदर्भात मराठी वाचकाला एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात जी. ए. कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा त्यांनी तो पुरस्कार परत केला. तारखेचा प्रश्न, म्हटले तर निव्वळ कचेरीचा. विद्यापीठाच्या भाषेत सांगायचे तर पात्रतेचा, म्हणजे स्थितीचा. त्यांनी त्याचे उत्तर सचोटीच्या बाजूने दिले.

विद्यार्थ्यापुढे अशी निवड क्वचितच इतक्या स्वच्छ रूपात येते. शिक्षा भोगून परतलेल्या विद्यार्थ्याच्या मार्क्स कार्डावर गैरप्रकाराचा शेरा किती काळ राहावा, एका सत्राचा निकाल रद्द झाल्यावर त्याच्या आधीच्या सत्रांतील श्रेयांकांचे काय, दुसऱ्या विद्यापीठात श्रेयांक हस्तांतरित करताना ही नोंद सोबत जावी की मागे राहावी, आणि सुनावणीची नोटीस त्याला कोणत्या भाषेत मिळावी, हे प्रश्न एका कचेरीतून दुसरीकडे ढकलले जातात, कारण प्रत्येकात अर्धी स्थिती आहे आणि अर्धी सचोटी. पहिले प्रकरण त्यांतल्या सर्वांत साध्या दिसणाऱ्या प्रश्नापासून, म्हणजे पंच्याहत्तर टक्के हजेरीपासून सुरू होते.